मास्तरांनी बसायचं कसं

संपादकांनी दिवाळीच्या अंकासाठी शाळेतल्या चार गमती लिहून मागितल्या. ठाण्याच्या इंग्रजी शाळेत उमेदीची सारी वर्षे घालवलेल्या माणसाजवळ गमती पुष्कळ असतात. पण मुलांच्या गमती लिहिणारे इतर आहेत. मी एक वेगळेच काम काही वर्षे केले आणि त्याबद्दल कुठे लिहिलेले मला आढळले नाही, म्हणून तेच लिहितो. मी मराठी शाळांच्या मास्तरांना बसायला शिकवत असे.

वाचकांना हे चेष्टेचे वाटेल. तेव्हा आधी त्या काळची स्थिती सांगतो. गेले शतक संपत आले होते. खेड्यातल्या मराठी शाळेच्या मास्तराचा मान गावात मोठा आणि खात्यात शून्य. वर्षातून एकदा शाळा तपासायला दिपोटी साहेब, म्हणजे खात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर, येत. मुले किती हजर, किती पास, यावर मास्तराचे नशीब ठरे. साहेब आले की मास्तर उभा राही आणि साहेब जाईपर्यंत उभाच असे. कुणी तसा नियम केलेला मला माहीत नाही. पण बसलेला मास्तर मी एकही पाहिला नाही.

मी मुरबाडचा. वडील शिंपीकाम करीत. आमच्या घरात अक्षर ओळखणारा मी पहिला, आणि ते ज्या मास्तरांमुळे झाले ते एकदा आमच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले होते. वडील काजे करीत होते. मास्तर त्यांना म्हणाले, याला सुईला लावू नका, याला पुढे पाठवा. त्या एका वाक्यावर मी बी. ए. झालो. याच मास्तरांना एका सकाळी मी शाळेच्या ओट्यावर हात जोडून उभे पाहिले. गावचा पाटील ज्यांच्यापुढे चपला काढी, ते मास्तर उभे होते, आणि खुर्चीतले गृहस्थ त्यांच्याकडे न बघता बोलत होते. मास्तरांच्या उपरण्याचे टोक हलत होते. वारा नव्हता. मला जो धक्का बसला तो पुढच्या साऱ्या शिक्षणाने कमी झाला नाही.

ठाण्यात नोकरीला लागल्यावर आसपासच्या शाळांचे मास्तर रविवारी माझ्याकडे येऊ लागले. मला ते ‘बी.ए.’ म्हणत, नाव कुणी घेत नसे. त्यांचे काम एकच असे, इंग्रजीत अर्ज लिहून घेणे. मी लिहून देई. उत्तर कधी येत नसे. एकदा मी म्हणालो, अर्ज पुरेत, आपण पाचसहा जण मिळून साहेबांपुढे जाऊ आणि तोंडाने सांगू. हे ऐकून ते माझ्याकडे असे पाहू लागले की जणू मी त्यांना वाघाच्या गुहेत शिरायला सांगितले होते. कोपरीचे तात्या मास्तर म्हणाले, “बी.ए., जाऊ हो. पण तिथं गेल्यावर करायचं काय, ते कोण सांगणार?”

ते सांगण्याची जबाबदारी माझ्यावर आली आणि आमची मंडळी सुरू झाली. जागा ठरली कळव्याची मराठी शाळा. खाडीपलीकडे, होडीने जायचे, ठाण्यातल्या कुणाच्या नजरेस पडायचे नाही. कळव्याचे मास्तर केशवराव शाळेच्याच मागच्या खोलीत बायकोसह राहत, त्यामुळे चहा नाही तरी गूळपाणी मिळे. गाव शेतकऱ्यांचे आणि मिठागरात राबणाऱ्यांचे. मुले अनवाणी, पण केशवरावांवर जीव टाकणारी.

पहिल्याच दिवशी माझा अंदाज चुकला. मला वाटले होते, साठसाठ पोरांवर दिवसभर ओरडणारी ही माणसे. यांना बोलायला काय शिकवायचे? त्यांना फक्त मुद्दे क्रमाने मांडायला शिकवू. मी एकेकाला उठवून म्हटले, आपली अडचण चार वाक्यांत सांगा. एकूण एक माणसाने सुरुवात केली ती ‘साहेबांच्या कृपेने सर्व ठीक आहे’ अशी. चारांतले पहिले वाक्य हे झाल्यावर उरलेल्या तिनांत अडचण कशी येणार? कल्याणचे अण्णा मास्तर आमच्यात वडील, केस पांढरे, आवाज असा की वर्गातला शेवटचा मुलगा दचकून जागा होई. ते उठले, कृपा सांगितली, आणि मग घसा खाकरून खालीच बसले.

मग खुर्चीची गोष्ट. त्या शाळेत खुर्ची एकच होती आणि ती दिपोटींची. वर्षभर भिंतीशी उलटी टेकवून ठेवलेली असे. केशवराव स्वतः बैठकीवर बसून शिकवीत. मी खुर्ची मध्ये ओढली आणि म्हटले, प्रत्येकाने यात बसून दाखवायचे. ज्याला या लाकडाची भीती वाटते त्याला त्यावरच्या माणसाशी बोलता येणार नाही. थोडे हसणे झाले. दोघे-तिघे कसेबसे टेकले. अण्णा पुढे आले, त्यांनी खुर्चीच्या हाताला बोट लावले, ते बोट स्वतःच्या डोळ्यांना लावले, आणि माघारी गेले. मी आग्रह केला तर म्हणाले, “नको रे बी.ए., माझ्या छातीत धडधडतं.” ते खरेच सांगत होते. कपाळावर घाम दिसत होता.

तात्या मास्तर मात्र बसले, आणि त्यांनी मांडीवर मांडी टाकली. पुढे जे घडले ते मला वाटते आमच्या कामातले सर्वांत उपयोगी आणि सर्वांत भयंकर. तात्यांनी दिपोटींची नक्कल सुरू केली. तोच सावकाश आवाज, तीच बोटाने उपरणे मागे सारण्याची लकब. केशवरावांना पुढे बोलावून म्हणाले, “मास्तर, ही मुलं आहेत की शेळ्या? एकाला तरी नकाशात ठाणं सापडतं का?” आतल्या दाराआडून हसू ऐकू आले. केशवरावांच्या घरच्या वहिनी ऐकत होत्या. आम्हीही हसत होतो. केशवराव हसत नव्हते. त्यांचे हात आपोआप जोडले गेले होते. तात्यांनी आणखी एकदोन टोले दिले तसे केशवराव भराभर बोलू लागले, “साहेब, माझी मुलं निदान शाळेत तरी असतात. कल्याणला अण्णा मास्तर पोरांना घरी सरपण फोडायला धाडतात.”

हसू थांबले. तात्यांनी मांडीवरची मांडी काढली. अण्णांनी विचारले, “केशवा, हे तू तात्याला सांगितलंस की दिपोटीला?”

केशवराव सरळ बाहेर गेले आणि ओट्यावर पाठ करून उभे राहिले. लटक्या साहेबाच्या लटक्या रागाने एक भला माणूस आपल्या सोबत्याचे नाव सांगून मोकळा झाला होता. खऱ्यापुढे काय झाले असते, हा विचार प्रत्येकाच्या तोंडावर होता. अण्णाच उठून बाहेर गेले, केशवरावांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, सरपणाचं खरं आहे, ते मी बंद करतो; तू आत ये. त्या दिवसापासून आमचा पहिला नियम झाला, साहेबांपुढे दुसऱ्या मास्तराचे नाव काढायचे नाही.

बाकीचे नियम असेच एकेका फजितीतून निघाले. एकट्याने जायचे नाही. कोण बोलणार ते आधी ठरवायचे. मागण्याच्या आधी आभार मानायचे नाहीत. साहेब ‘पाहू’ म्हणाले तर ‘कधी’ म्हणून विचारायचे. आणि साहेब आले की उठून नमस्कार करायचा, मग कुणी न सांगता खाली बसायचे. या शेवटच्या नियमाला सर्वांत जास्त रविवार लागले. शरीराला एवढी सवय असते की मन तयार झाले तरी गुडघे वाकत नाहीत. तात्या खुर्चीत बसत, आम्ही उठत असू, बसत असू. बाहेरून कुणी पाहिले असते तर तालीम चालली आहे असे वाटले असते.

हे चालू असताना केशवरावांच्या बदलीचा हुकूम आला.

झाले होते ते असे. दिपोटींची तपासणी आली ती नेमकी मिठागरात मीठ गोळा करायच्या दिवसांत. त्या दिवसांत सारे गाव मिठागरावर असते, मुलेही. वर्ग निम्मा रिकामा, जी मुले होती ती उन्हाने पेंगलेली. साहेबांनी शेरा लिहिला आणि केशवरावांना मोखाड्याकडच्या रानातल्या शाळेवर टाकले. केशवराव आधी तिकडेच होते. तिथल्या हिवतापाने वहिनींना धरले, पोटात पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली, आणि मोठ्या खटपटीने कळव्याला बदली मिळून त्या जरा कुठे उठून चुलीशी बसू लागल्या होत्या. ठाण्याच्या इस्पितळातले डॉक्टर त्यांना हिवतापावरचे कोयनेल देत. डॉक्टरांनी केशवरावांना स्पष्ट सांगितले होते, बाईंना पुन्हा त्या हवेत नेलेत तर परत आणायची खटपट तुम्हाला करावी लागणार नाही.

माहेरी कुणी नव्हते. एकटे ठेवून जावे अशी स्थिती नव्हती. नोकरी सोडली तर खायचे काय? आता आमच्या शाळेची खरी परीक्षा होती. दोन मागण्या ठरल्या. केशवरावांची बदली तहकूब करावी. आणि कळव्याची तपासणी मिठाच्या हंगामात ठेवू नये. बोलायचे केशवरावांनीच, कारण दुखणे त्यांच्या घरचे. अडखळले तर अण्णांनी. आम्ही साऱ्या प्रश्नांची तयारी केली. तात्यांनी खुर्चीत बसून केशवरावांना रागावून पाहिले, टोमणे मारून पाहिले, मध्येच उठून जाऊन पाहिले. केशवराव टिकले. एकदा तर तात्यांनी ‘नोकरीवरून काढीन’ म्हटले तरी ते बसून राहिले आणि दोन्ही मागण्या नीट बोलले. दाराआडून वहिनींचा आवाज आला, “आता झालं.” आम्हालाही तसेच वाटले.

ठरल्या सकाळी आम्ही दिपोटींच्या ठाण्यातल्या बिऱ्हाडी गेलो. नोकराने आत निरोप नेला. मला वाटले, ओट्यावर तिष्ठत ठेवतील. साहेब स्वतः बाहेर आले.

“या, या. अण्णा मास्तर, तुम्ही कल्याणहून एवढ्या सकाळी? आत या, बसा.”

बैठक घातलेली होती, लोड होते. आम्ही सारे बसलो. न सांगता बसण्याची आमची एवढी मेहनत, आणि साहेबांनी आपणच बसवले. अण्णांच्या नातवाच्या मुंजीची त्यांनी चौकशी केली. तात्यांना कोपरीच्या विहिरीचे पाणी सुधारले का विचारले. केशवरावांना म्हणाले, घरी प्रकृती कशी आहे. केशवराव म्हणाले, “आपल्या कृपेने.” तेवढ्यात नोकराने तबक आणले. पानसुपारी. साहेबांनी पहिला विडा अण्णांपुढे केला. अण्णांनी दोन्ही हातांनी घेतला. मग तात्यांनी, मग केशवरावांनी. माझ्यापुढे आला, मीही घेतला.

आपल्याकडे पानसुपारी झाली की बैठक संपली. हे कुणाला शिकवावे लागत नाही. लग्नाची बैठक असो, कीर्तन असो, विडा हाती आला की माणूस उठतो. त्यानंतर बसून राहणे म्हणजे यजमानाला ताटकळवणे. अण्णा उठले. सारे उठले. सर्वांनी नमस्कार केला. साहेब दारापर्यंत पोचवायला आले.

आम्ही तळ्याच्या काठाने चालत होतो. तोंडे रंगली होती. अर्धे तळे मागे पडल्यावर तात्या एकदम थांबले.

“मंडळी,” ते म्हणाले, “आपण बोललो काय?”

आम्ही काहीच बोललो नव्हतो. रागाला उत्तर देण्याची तयारी होती, अपमान गिळून बसून राहण्याची होती. विड्याची नव्हती. परत फिरावे म्हणून मी वळलो, तर अण्णांनी मला धरले. विडा घेऊन निघालेल्या माणसाने पुन्हा त्याच दारात जायचे, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. केशवराव रस्त्याच्या कडेला विडा थुंकून टाकायला गेले आणि तिथेच बसून राहिले.

मी त्यांच्याबरोबर कळव्याला गेलो. त्यांना एकट्याने घरी जाववेना. वहिनी दाराशी पदर गुंडाळून उभ्या होत्या. थंडी वाजून येण्याचा त्यांचा तो दिवस होता.

“काय म्हणाले साहेब?”

“विडा दिला,” केशवराव म्हणाले.

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना.”

“आणि तुम्ही उठलात,” त्या म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. त्या आत गेल्या आणि चुलीतली लाकडे सारखी करू लागल्या.

पुढच्या आठवड्यात केशवरावांना घेऊन मी दिपोटींच्या कचेरीत गेलो. या वेळी उंबरा ओलांडताच मी विषय काढला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचे आश्चर्य उमटले.

“तुम्ही सारे आलात, बसलात, विडा घेऊन आनंदानं गेलात. मी समजलो, बदलीबद्दल मास्तरांच्या मनात काही नाही. वरच्या साहेबांनी विचारलं होतं, कुरबूर आहे का म्हणून. मी कळवलं, मंडळी येऊन भेटून गेली, कुणाची काही तक्रार नाही. आता मी काय करू?”

केशवरावांनी भिंतीला हात टेकला. आम्ही मदतीला म्हणून गेलो होतो आणि आमची ती भेटच त्यांच्या विरुद्धचा पुरावा झाली होती. आम्ही साऱ्यांनी जाऊन, नीट कपडे करून, आपल्या सोबत्याची बायको मरणाच्या हवेत पाठवायला संमती दिली होती. साहेबांनी तबक मुद्दाम लवकर आणवले, की त्यांच्या घरची ती रीतच होती, हे मला आजही सांगता येणार नाही. माणूस जुन्या वळणाचा होता, वाईट नव्हता. पण त्या दिवशी कचेरीच्या पायऱ्या उतरताना मला माझ्या साऱ्या शिक्षणाची, नियमांची आणि रविवारांची लाज वाटली.

तालीम पुन्हा सुरू झाली, आता तबकासकट. पाने विकतची कशाला, म्हणून जांभळाची पाने घडी करून तबकात मांडीत असू. तात्या साहेब होऊन पुढे करीत आणि समोरच्याने न घेता बोलत राहायचे. हे खुर्चीपेक्षा अवघड निघाले. अण्णांचा हात प्रत्येक वेळी आपोआप पुढे येई. तात्या चिडून म्हणाले, “अण्णा, जांभळाचा पाला आहे हो, शेळीसुद्धा विचार करून खाईल.” अण्णा म्हणाले, “देणाऱ्याचा हात पुढं आहे रे. तो रिकामा कसा ठेवू?” वहिनी आतून ऐकत होत्या. आता हसू येत नव्हते.

चार्ज देण्याची मुदत उलटली. केशवराव गेले नाहीत. जाणार नाही असेही त्यांनी कळवले नाही. ते रोज शाळा भरवीत राहिले. मग निरोप आला की दिपोटी साहेब स्वतः कळव्याला येत आहेत. सुटीचा दिवस होता. आम्ही सारे सकाळीच होडीने जाऊन शाळेत बसलो.

साहेब शिपायासह आले. बांधावरून चालून त्यांच्या जोड्यांना चिखल लागला होता आणि मर्जी बिघडलेली होती. आम्ही उठलो, नमस्कार केला, आणि बसलो. सगळे बसलो. अण्णांचे गुडघे मध्येच अडले, तात्यांनी उपरणे ओढले, मग तेही बसले. साहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी आमच्याकडे पाहिले. बसलेल्या मास्तरांकडे ते पहिल्यांदाच वरून पाहत होते. एरवी त्यांना मान वर करावी लागे. त्यांना काही क्षण काय चुकते आहे तेच कळले नसावे.

मग ते बोलू लागले. हुकूम म्हणजे काय, शिस्त म्हणजे काय, बी. ए. झालेल्यांनी भोळ्या माणसांना भरीस घालणे म्हणजे काय. तात्यांची नक्कल खरी होती, पण ती नक्कल होती. केशवरावांनी बोलायला सुरुवात केली. मिठाच्या हंगामाचे बोलले. घरातल्या दुखण्यावर आले आणि त्यांचा आवाज गेला. ओठ हलत होते. अण्णांनी बोलायचे ठरले होते. अण्णा जमिनीकडे पाहत होते. मी आता पुन्हा उघडपणे मध्ये पडायचे नाही असेही आम्हीच ठरवले होते. साहेब म्हणाले, झालं ना, मग उद्या निघा.

तेवढ्यात आतल्या दारातून एक तबक पुढे सरकले. एक हात दिसला, पिवळा पडलेला, बांगड्या मनगटावरून खाली घसरलेल्या. केशवरावांनी तबक पाहिले. मला वाटते त्यांनाही ते ठाऊक नव्हते. त्यांनी ते उचलले आणि साहेबांपुढे धरले.

साहेब बोलता बोलता थांबले. घरच्या बाईने पाठवलेला विडा. त्यांनी तो घेतला. जुन्या वळणाच्या माणसाला दुसरे काही करता येत नाही, हे आमच्या अण्णांवरून आम्हाला पक्के माहीत होते.

केशवराव तबक खाली ठेवून पुन्हा आपल्या जागी बसले. आणि त्यांचा आवाज परत आला.

“साहेबांनी विडा घेतला,” ते म्हणाले. “म्हणजे साहेबांची आता काही तक्रार उरली नाही, असं ही मंडळी समजते. साहेबांनी वर तसंच कळवावं.”

हे वाक्य मी शिकवलेले नव्हते. ते कुठल्याही रविवारी बोललेले नव्हते. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला. मग त्यांनी हातातल्या विड्याकडे पाहिले, मग दाराकडे. दार रिकामे होते. त्यांनी विडा तोंडात घातला, उठले, आणि शिपायाला होडी पाहायला सांगितले. दाराशी थांबून मला म्हणाले, “बी.ए., हे तुमचं शिकवणं?” मी नाही म्हणालो.

बदली रद्द झाल्याचे कुणी कधी कळवले नाही. नवा मास्तर आला नाही, एवढेच. केशवराव कळव्याला राहिले आणि वहिनींचा ताप पुढच्या हिवाळ्यात सुटला. तपासणी मात्र नंतरही मिठाच्या दिवसांतच येत राहिली. ती मागणी आम्ही पुन्हा पुन्हा केली आणि ती तशीच राहून गेली. मला आमच्या मुख्याध्यापकांनी बोलावून समज दिली. शाळेच्या इमारतीत मंडळी भरवायला मनाई झाली, म्हणून आम्ही कल्याणला एका धर्मशाळेत जमू लागलो. तिथे बरेच नवे लोक आले, चांगले बोलणारे निघाले. अण्णा पेन्शनीत गेले तरी खुर्चीत बसले नाहीत. मुरबाडच्या माझ्या मास्तरांना हे सारे सांगायचे राहून गेले. त्याआधीच ते वारले होते.

पण माझ्या आठवणीत ती सकाळ संपते ती तिथेच, कळव्याच्या शाळेत. साहेबांची होडी सुटल्यावरही आम्ही जागचे उठलो नव्हतो. तात्यांनी हात लांब करून तबक ओढले, त्यात पाहिले, आणि नेहमीच्या चेष्टेच्या सुरात, पण हळू, म्हणाले, “वहिनी, आमचे विडे कुठं आहेत?”

दाराआडून उत्तर आले.

“एकच केला होता, भावजी. तुम्हाला अजून बसायचं होतं ना.”